कायदा थांबतो तिथून पुढे : अमेरिकी पत्रकारितेच्या तत्त्वांकडे जाताना

अमेरिकेच्या साधारण मध्यभागी असलेल्या मिसुरी राज्यात कोलंबिया नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठाने १९०८ साली पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यालय सुरू केले. अशा प्रकारच्या जगातल्या अगदी पहिल्या विद्यालयांत त्याची गणना होते. त्याचे पहिले प्रमुख वॉल्टर विल्यम्स हे मुरलेले संपादक होते, पण त्यांच्यापाशी स्वतःची एकही पदवी नव्हती. १४ सप्टेंबरला पहिले वर्ग भरले आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या दैनिकाचा पहिला अंकही निघाला. पोहायला पाण्यात उतरूनच शिकावे लागते, हा विल्यम्स यांचा हिशेब होता. ते पत्र आजही ‘कोलंबिया मिसुरियन’ या नावाने चालते आणि त्याचे वार्ताहर विद्यार्थीच असतात.

याच विद्यालयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘प्रिन्सिपल्स ऑफ अमेरिकन जर्नलिझम’ हा विषय घ्यावा लागतो. वेगवेगळ्या नावांनी तो अमेरिकेतल्या इतरही अनेक महाविद्यालयांत शिकवला जातो. मथळा कसा द्यावा, मुलाखत कशी घ्यावी, हे पुढच्या वर्गांचे काम. इथे विचारतात ते त्याआधीचे प्रश्न : बातमी कोणासाठी असते, ती खरी आहे हे ठरवायचे कोणी, बातमीदाराची निष्ठा कोणाशी, आणि त्याच्यावर अंकुश कोणाचा. या विषयाची मराठी वाचकाला ओळख करून द्यावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

आता, दूरच्या देशातल्या पत्रकारांचे नियम आपण का वाचावेत, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. १८३२ च्या ‘दर्पण’पासून सुरू होणारी आणि ‘केसरी’, ‘मूकनायक’ यांच्यासारखी पत्रे जिच्या वाटेत येतात अशी परंपरा ज्यांच्या घरची आहे, त्यांना पत्रकारितेचा उसना धडा कशाला? शिवाय अमेरिकी पत्रकारिता आपल्याला अगदीच अपरिचित आहे असेही नाही. ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ आणि ‘स्पॉटलाइट’ हे चित्रपट अनेकांनी पाहिलेले असतात. त्यातून मनात राहते ते एक शूर चित्र : दोन-चार हट्टी बातमीदार, एक खमका संपादक आणि शेवटी कोसळणारी सत्ता. ते चित्र खोटे नाही. वॉटरगेट इमारतीतल्या घरफोडीची बातमी १९७२ च्या जूनमधली आणि अध्यक्ष निक्सन यांचा राजीनामा १९७४ च्या ऑगस्टमधला. दरम्यानच्या दोन वर्षांत ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या बातमीदारांनी जे काम केले त्याचे मोल मोठे आहेच. पण हा विषय नुसत्या शौर्यकथांचा असता तर चित्रपट पाहून भागले असते.

या विषयाची खरी गंमत, माझ्या मते, एका विसंगतीत आहे. अमेरिकेत छापण्याच्या स्वातंत्र्याला कायद्याचे जेवढे संरक्षण आहे तेवढे फार थोड्या देशांत सापडेल. त्यामुळे कायद्याने परवानगी दिलेल्या आणि तरीही करू नयेत अशा गोष्टींची एक लांबलचक यादी तिथल्या बातमीदारासमोर रोज उभी असते. जिथे सरकार दंडुका घेऊन उभे असते तिथे पत्रकाराचे नियम बरेचसे दंडुक्यावरूनच ठरतात. जिथे दंडुका नाही तिथे ते स्वतःच ठरवावे लागतात, त्यांवर भांडावे लागते आणि मोडल्यावर लोकांसमोर खाली मान घालावी लागते. कायद्याने दिलेली मुभा आणि सचोटीने घातलेली मर्यादा यांच्यामधली मोकळी जागा हाच या अभ्यासक्रमाचा प्रांत आहे. वाचकांनी पुढचे सगळे या एका दृष्टीने वाचावे, अशी विनंती आहे.

प्रथम ही मुभा नीट समजून घेऊ. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती १७९१ च्या डिसेंबरात अमलात आली. मूळ इंग्रजीत ती अवघ्या ४५ शब्दांची आहे आणि तेवढ्यात धर्म, भाषण, मुद्रण, सभा आणि सरकारकडे दाद मागणे ही पाच स्वातंत्र्ये बसवली आहेत. तिची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. नागरिकांना अमुक हक्क देण्यात येत आहे, असे ती म्हणत नाही. या स्वातंत्र्यांना बाधा आणणारा कायदा करू नये, अशी ती संसदेलाच मनाई करते. आपल्या घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले आहे आणि लगेच पुढच्या खंडात वाजवी निर्बंधांची सोय केली आहे. योगायोग असा की त्या निर्बंधांची व्याप्ती वाढवली तीसुद्धा आपल्या घटनेच्या पहिल्याच दुरुस्तीने, १९५१ साली. दोन देश, दोन पहिल्या दुरुस्त्या, आणि त्यांची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना. कोणती रचना शहाणपणाची, हा वाद इथे उकरायचा नाही. पण अमेरिकी उदाहरणे वाचताना हा फरक विसरलात तर गैरसमज झालाच म्हणून समजा.

या रचनेचे परिणाम दूरवर जातात. अमेरिकेत पत्रकाराला परवाना लागत नाही. पत्रकार कोणाला म्हणावे, याची घटनेत व्याख्या नाही. आपल्या प्रेस कौन्सिलसारखी कायद्याने स्थापलेली संस्था नाही. १९७३ साली एक खासगी ‘नॅशनल न्यूज कौन्सिल’ निघाली होती; बड्या वृत्तपत्रांनी तिला दाद दिली नाही आणि १९८४ मध्ये ती बंद पडली. पत्रकारांच्या सर्वांत परिचित संघटनेची, म्हणजे सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नलिस्ट्सची, एक आचारसंहिता आहे. सत्य शोधा आणि सांगा, इजा कमीत कमी होऊ द्या, स्वतंत्र राहा, जबाबदारी घ्या आणि कारभार उघडा ठेवा, हे तिचे चार खांब. पण ही संहिता कायद्याने लागू करता येणार नाही, असे तीच स्पष्ट सांगते. म्हणजे सगळी भिस्त माणसाच्या लाजेवर. नव्या विद्यार्थ्याला हे ऐकून हसू येते. पुढची प्रकरणे वाचल्यावर ते मावळते.

इतिहासाची सुरुवात बहुतेक शिक्षक झेंगरपासून करतात. जॉन पीटर झेंगर हा न्यूयॉर्कमधला जर्मन मुद्रक. त्याच्या साप्ताहिकात गव्हर्नर विल्यम कॉस्बी याच्यावर बोचरी टीका येई. १७३४ च्या नोव्हेंबरात झेंगर तुरुंगात गेला. त्याच्या पत्नीने, ॲना झेंगरने, साप्ताहिक चालू ठेवले. तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात सरकारची बदनामी हा गुन्हा होता आणि मजकूर खरा असणे हा बचाव नव्हता. फिलाडेल्फियाहून आलेल्या अँड्र्यू हॅमिल्टन या वयोवृद्ध वकिलाने छापल्याचे सरळ कबूल केले आणि ज्यूरीला विचारले की खरे छापणाऱ्याला शिक्षा द्यायची का. ज्यूरीने १७३५ च्या ऑगस्टमध्ये झेंगरला सोडले.

मराठी वाचकाला इथे १९०८ चा मुंबईतला खटला आठवल्यावाचून राहणार नाही. लोकमान्यांनीही ज्यूरीलाच साद घातली होती. सात युरोपीय आणि दोन पारशी अशा त्या ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली, जी पुढे मंडालेत भोगावी लागली. कायद्याचे कूळ एकच, इंग्रजी. फरक होता तो ज्यूरीत कोण बसले होते याचा. झेंगरच्या निकालाने कायदा बदलला, असे काही पुस्तके सांगतात. ते खरे नाही. कायदा तोच राहिला, पण अशा खटल्यांना ज्यूरी दाद देणार नाही हे सरकारला कळले.

घटनादुरुस्ती झाल्यानंतरही सारे सुरळीत झाले नाही. सातच वर्षांनी, १७९८ मध्ये, त्याच संसदेने राजद्रोहाचा कायदा केला. व्हरमाँटचे संसद सदस्य मॅथ्यू लायन यांना अध्यक्षांवर टीका केल्याबद्दल चार महिन्यांचा तुरुंगवास झाला. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. १८०१ मध्ये तो कायदा मुदत संपून गेला. घटनेत लिहिलेला हक्क आणि हातात आलेला हक्क यांत केवढे अंतर असते, हे अमेरिकेलाही शिकावेच लागले.

त्या काळची पत्रे उघडउघड पक्षांची होती. निःपक्षपातीपणाचे कोणी नावही घेत नसे. बदल आणला तो एका सेंटने. ३ सप्टेंबर १८३३ रोजी बेंजामिन डे याने न्यूयॉर्कमध्ये ‘सन’ काढले आणि इतर पत्रे सहा सेंटना मिळत असताना ते एका सेंटला रस्त्यावर विकले. तोटा भरून काढायचा तर जाहिराती हव्यात, जाहिरातींना गिऱ्हाईक हवे, आणि गिऱ्हाईक सगळ्या पक्षांचे असते. निःपक्षपातीपणाच्या तत्त्वाची मुळे अशी काही अंशी धंद्यात रुजलेली आहेत, हे प्रामाणिक शिक्षक लपवत नाहीत. १८४६ पासून आकाराला आलेल्या असोसिएटेड प्रेसलाही तीच गरज होती. एकच तार वेगवेगळ्या मतांच्या पत्रांना विकायची तर तिच्यात मत घालून चालत नाही. आणि या नव्या स्वस्त पत्रांच्या सचोटीबद्दल फार गोड कल्पना करून घेऊ नका. याच ‘सन’ने १८३५ मध्ये चंद्रावर वटवाघळांसारखे पंख असलेली माणसे राहतात, अशी लेखमाला छापून लोकांना गंडवले होते. शतकाच्या अखेरीस पुलित्झर आणि हर्स्ट या वृत्तपत्रमालकांच्या चुरशीने भडकपणाची पुढची पायरी गाठली. त्याच पुलित्झरच्या पैशातून पुढे न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाचे पत्रकारिता विद्यालय निघाले, १९१२ मध्ये, आणि १९१७ पासून त्याच्या नावाची पारितोषिके.

अभ्यासक्रमांची पुस्तके इथून सहसा पत्रकार आणि विचारवंत वॉल्टर लिपमनकडे वळतात. मी वाचकांना त्याआधी आयडा बी. वेल्स वाचायला सांगेन. मिसिसिपी राज्यात गुलामगिरीत जन्मलेली ही स्त्री टेनेसीतल्या मेम्फिस शहरात ‘फ्री स्पीच’ या पत्राची सहमालक आणि संपादक होती. १८९२ साली तिथे तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना जमावाने ठार मारले. त्यांपैकी एक तिचा जवळचा स्नेही होता. काळे पुरुष गोऱ्या स्त्रियांवर अत्याचार करतात म्हणून झुंडी चिडतात, असे तेव्हाची प्रतिष्ठित पत्रे बिनदिक्कत छापत. वेल्सने ही समजूत तपासायला घेतली. ती घटनास्थळी गेली, लोकांशी बोलली आणि ‘शिकागो ट्रिब्यून’ या गोऱ्यांच्याच पत्राने दरवर्षी छापलेले आकडे पुढे ठेवून मोजदाद केली. बहुसंख्य झुंडबळींवर बलात्काराचा नुसता आरोपही नव्हता, हे त्यातून उघड झाले. आकडे मुद्दाम विरुद्ध बाजूच्या पत्राचे घेतले, म्हणजे कोणी पक्षपाताचा आळ घेऊ नये. ती प्रवासात असताना जमावाने तिच्या पत्राची कचेरी उद्ध्वस्त केली आणि परत आलीस तर जीव जाईल, अशी धमकी दिली. तिने न्यूयॉर्कहून लिहिणे चालू ठेवले. पुलित्झर मंडळाने तिचा विशेष गौरव केला तो २०२० साली, तिच्या मृत्यूनंतर ८९ वर्षांनी. पडताळणी म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर तिच्या कामापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. आणि प्रतिष्ठित पत्रांचा समतोल किती पोकळ असू शकतो, हेही तिथेच दिसते.

लिपमनचे महत्त्व वेगळे आहे. १९२० साली त्याने आणि चार्ल्स मर्झ यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे तीन वर्षांचे अंक चाळले आणि रशियन क्रांतीच्या बातम्या तपासल्या. बोल्शेविक राजवट कोसळली किंवा कोसळण्याच्या बेतात आहे, असे पत्राने ९१ वेळा सूचित केले होते. कोणी मुद्दाम खोटे बोलत होते, असा आरोप या दोघांनी केला नाही. वार्ताहरांना आणि संपादकांना जे घडावेसे वाटत होते ते त्यांना घडताना दिसत होते, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणून लिपमनने बातमीदारासाठी विज्ञानासारखी शिस्त मागितली. माणूस निःपक्षपाती असेल ही आशा सोडा, त्याची रीत तपासता येईल अशी ठेवा. वस्तुनिष्ठतेचा हा मूळ अर्थ आहे. दोन्ही बाजूंचे एकेक वाक्य छापून मोकळे होण्याची जी सवय त्या नावाखाली पुढे रूढ झाली ती पाहून लिपमनने कपाळाला हात लावला असता.

लिपमन हळूहळू सामान्य माणसाच्या समजशक्तीबद्दल निराश होत गेला. त्याला उत्तर दिले ते तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी : लोकशाहीत तज्ज्ञांनी ठरवायचे आणि लोकांनी मान डोलवायची, हे चालणार नाही, लोकांमध्ये संवाद घडवणे हेच वृत्तपत्राचे काम आहे. हे ड्यूई म्हणजे कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांचे गुरू. त्याच विद्यापीठात तेव्हा पत्रकारितेचे नवे विद्यालय बाळसे धरत होते. बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० चे आणि लिपमन-मर्झ यांची तपासणी त्याच वर्षीच्या ऑगस्टची. एकावरून दुसरे निघाले, असा दावा कोणी करू नये. पण ज्यांचा आवाज छापला जात नाही त्यांना समाजाच्या संवादात स्थान कसे मिळेल, हा ड्यूईंचा प्रश्न मुंबईतही कोणीतरी तितक्याच तळमळीने, आणि कितीतरी अधिक झळ सोसून, विचारत होते.

यानंतर मी तुम्हाला ज्या खटल्याजवळ थांबायला सांगणार आहे तो या विषयाचा मध्यबिंदू आहे. २९ मार्च १९६० च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात आली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बचावासाठी आणि दक्षिणेतल्या चळवळीसाठी निधीचे ते आवाहन होते. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरातल्या घटनांचे त्यात वर्णन होते आणि त्यात काही चुका होत्या. किंग यांना सात वेळा अटक झाली, असे लिहिले होते; झाली होती चार वेळा. विद्यार्थ्यांनी राज्य विधिमंडळाच्या पायऱ्यांवर एक गाणे म्हटले, असे होते. म्हटले होते दुसरेच. पोलीस खात्यावर देखरेख ठेवणारे शहर आयुक्त एल. बी. सलिव्हन यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. जाहिरातीत त्यांचे नावही नव्हते. त्या दिवशीच्या सुमारे साडेसहा लाख प्रतींपैकी अलाबामात गेल्या होत्या अवघ्या ३९४ च्या आसपास. तरी तिथल्या ज्यूरीने पाच लाख डॉलर भरपाई दिली. इतरही दावे रांगेत होते. दक्षिणेत काय चालले आहे हे बाहेरच्या पत्रांनी छापूच नये, इतके ते महाग करून टाकायचे, असा तो एकूण बेत दिसतो.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च १९६४ रोजी एकमताने हा निकाल फिरवला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी घालून दिलेला नियम असा : सार्वजनिक अधिकाऱ्याला त्याच्या कारभारासंबंधी अब्रुनुकसानीची भरपाई हवी असेल तर मजकूर खोटा आहे एवढे दाखवून भागणार नाही, तो खोटा आहे हे माहीत असताना, किंवा खरे-खोटे याची बेदरकार उपेक्षा करून छापला, हे सिद्ध करावे लागेल. मोकळ्या वादविवादात चुका होणारच, आणि चुकीची धास्ती घातली तर लोक खरेही बोलायचे थांबतील, हे त्यामागचे तर्कशास्त्र. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात या निकालाचा आधार घेतला आहे. मात्र आपल्याकडे अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हाही आहे आणि २०१६ मध्ये न्यायालयाने तो घटनात्मक ठरवला, हेही जोडीने लक्षात ठेवा.

निकालातला एक तपशील मात्र घाईत वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो. जाहिरातीतल्या काही चुका दाखवून देणाऱ्या बातम्या ‘टाइम्स’च्या स्वतःच्या कात्रणांत, त्याच कचेरीत पडून होत्या. जाहिरात विभागाने त्या पाहिल्या नाहीत. सह्या मान्यवरांच्या आहेत म्हणून मजकूर घेतला. न्यायालय म्हणाले, हा फार तर हलगर्जीपणा. कायद्याने तो क्षम्य ठरला. पण कुठल्याही चांगल्या वृत्तसंपादकाला विचारा, तपासायला दहा पावले चालावी लागत होती आणि कोणी चालले नाही, हे त्याला पटेल का?

असाच दुसरा खटला ‘फ्लोरिडा स्टार’चा. जॅक्सनव्हिलमधल्या या छोट्या साप्ताहिकाची शिकाऊ बातमीदार १९८३ साली शेरिफच्या कचेरीतल्या पत्रकार कक्षात गेली आणि तिथे ठेवलेला गुन्ह्याचा अहवाल तिने जसाच्या तसा उतरवून घेतला. त्यात बलात्कारपीडितेचे पूर्ण नाव होते. अशी नावे छापू नयेत, अशी सूचना त्या कक्षात लावलेली होती. साप्ताहिकाचा स्वतःचा नियमही तसाच होता. तरी नाव छापले गेले. त्या स्त्रीला पुढे धमक्या आल्या, तिला घर बदलावे लागले. खालच्या न्यायालयाने भरपाई दिली, पण १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती रद्द केली. सरकारकडूनच कायदेशीरपणे मिळालेली खरी माहिती छापल्याबद्दल, अत्यंत निकडीचे कारण असल्याखेरीज, शिक्षा करता येणार नाही, असा तो निकाल. आपल्याकडे असे नाव छापणे हा गुन्हा आहे; भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली त्याला तुरुंगवास होऊ शकतो. अमेरिकेत ते छापण्याचा हक्क आहे आणि तरीही बहुतेक वृत्तपत्रे पीडितेच्या संमतीवाचून ते छापत नाहीत. ही बंधने त्यांच्यावर कोणी लादली? कोणीच नाही. या निकालाशी वाचकांनी थोडा वेळ झटापट करावी. माझे स्वतःचे मत त्यातल्या अल्पमताच्या बाजूचे आहे, पण तुमचे निराळे असू शकेल आणि बहुमताची कारणेही वजनदार आहेत.

तिसरा खटला थोडक्यात. निवडणुकीतल्या उमेदवारावर वृत्तपत्राने टीका केली तर त्याचे उत्तर तितक्याच ठळकपणे छापलेच पाहिजे, असा फ्लोरिडात कायदा होता. ‘मायामी हेरल्ड’च्या १९७४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने घटनाबाह्य ठरवला. दुसरी बाजू छापणे चांगले, पण ते सरकारने सांगायचे नाही.

मग मुभा एवढी मोठी असताना तत्त्वे टिकली कशी? काही वेळा ती टिकली नाहीतही, आणि अभ्यासक्रमाचा हा भाग मला सर्वांत उपयुक्त वाटतो. सिनेटर जोसेफ मॅकार्थी १९५० पासून सरकारी नोकरांवर, लेखकांवर, प्राध्यापकांवर कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत सुटले. पत्रे ते आरोप इमानाने छापत. सिनेटर असे म्हणाले, हे वाक्य तंतोतंत खरे होते; आरोप मात्र बहुधा हवेतला असे. डेडलाइन तोंडावर आली की आरोप करायचा, म्हणजे तपासायला वेळ उरत नाही, ही त्यांची हातोटी. अचूक अवतरण देऊनही वाचकाला फसवता येते, हे अमेरिकी बातमीदार तेव्हा शिकले. एडवर्ड आर. मरो यांनी ९ मार्च १९५४ च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात मॅकार्थींचीच चित्रफीत दाखवून एकेक विधान वस्तुस्थितीशी ताडून पाहिले. मरोंचे कौतुक जरूर करावे. पण तोवर चार वर्षे उलटली होती, हेही मोजावे.

‘वॉशिंग्टन पोस्ट’ने १९८० मध्ये जॅनेट कुक या बातमीदाराची हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची कहाणी छापली. शहरभर शोधूनही मुलगा सापडला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये तिला पुलित्झर जाहीर झाले आणि दोनच दिवसांत मुलगा काल्पनिक असल्याचे तिने कबूल केले. पारितोषिक परत गेले. खरी शिकण्याची गोष्ट त्यानंतरची आहे. पत्राने वाचकांच्या तक्रारी पाहणाऱ्या आपल्याच लोकपालाला सगळे दरवाजे उघडून दिले आणि आपले संपादक कुठे-कुठे डोळे मिटून बसले होते, याचा त्याने केलेला सविस्तर पंचनामा पहिल्या पानापासून छापला. कोणत्याही न्यायालयाने तसे करायला सांगितले नव्हते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २६ मे २००४ रोजी इराकमधल्या कथित संहारक शस्त्रांबद्दलच्या आपल्या आधीच्या बातम्या पुरेशा तपासल्या नव्हत्या, असे संपादकीय निवेदन दिले; ते आतल्या पानावर, आणि युद्ध सुरू होऊन वर्ष उलटल्यावर. दोन्ही कबुल्या शेजारी ठेवून वाचा म्हणजे कोणती पुरी आणि कोणती अर्धी, ते तुमचे तुम्हालाच कळेल.

पैशाचा प्रश्नही याच पंक्तीतला. संपादकीय विभाग आणि जाहिरात विभाग यांच्यात भिंत असावी, हे तत्त्व सगळे तोंडाने म्हणतात. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने १९९९ मध्ये स्टेपल्स सेंटर या नव्या क्रीडागृहावर रविवारच्या मासिकाचा विशेषांक काढला आणि त्याच्या जाहिरातींचा नफा त्या क्रीडागृहाबरोबरच वाटून घेतला. हे कळताच शेकडो पत्रकारांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या आणि प्रकाशकांना माफी मागावी लागली. ‘पेड न्यूज’ हा शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे अशा मराठी वाचकांना या प्रकरणात एवढे रागावण्यासारखे काय, असेही वाटेल. तो राग समजून घेणे हाच इथला अभ्यास आहे. आज मात्र भिंतीच्या दोन्ही बाजूंची घरेच खचत आहेत. छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या आणि २००५ पासून अमेरिकेतली एक-तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली. यांतली बहुतेक लहान गावांतली साप्ताहिके होती. ‘प्रोपब्लिका’सारख्या देणग्यांवर चालणाऱ्या वृत्तसंस्था हा त्यावरचा एक उपाय, पण नगर परिषदेच्या सभेला तासन्‌तास बसणारा बातमीदार त्यांतून परत येईलच, असे म्हणवत नाही.

आता वाचावे कसे, याविषयी दोन शब्द. तत्त्वांची यादी पाठ करू नका. एकेक प्रकरण घ्या, त्यात कायद्याने काय चालले असते ते आधी ठरवा, मग तुम्ही संपादक असता तर काय केले असते ते कागदावर लिहा आणि त्यानंतरच प्रत्यक्षात काय झाले ते वाचा. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल इंटरनेटवर फुकट मिळतात. सलिव्हन निकालाची भाषा वकिली असली तरी पदवीच्या विद्यार्थ्याला पेलेल अशी आहे. अल्पमताचे निकालही सोडू नका. एखाद्या मोठ्या अमेरिकी पत्राचे चूक-दुरुस्तीचे सदर महिनाभर नेमाने पाहा. कोणते नाव चुकले, कोणता आकडा, कोणते पद, हे तिथे रोज सांगितलेले असते. पत्राच्या तब्येतीचा अंदाज अग्रलेखापेक्षा त्यावरून चांगला येतो. ‘ऑफ द रेकॉर्ड’ आणि ‘बॅकग्राउंड’ हे शब्द आपण ढोबळपणे वापरतो, पण तिथे त्यांचे करार निरनिराळे असतात : पहिल्यात माहिती छापायचीच नाही, दुसऱ्यात छापायची पण नाव द्यायचे नाही, आणि ओळख किती सांगायची ते बोलणे सुरू होण्यापूर्वी ठरवायचे. हे एकदा कळले की ‘विश्वसनीय सूत्रांनी सांगितले’ हे वाक्य तुम्ही पूर्वीसारखे सहज वाचू शकणार नाही.

आणखी एक सूचना. यातले सगळे उचलून आपल्याकडे आणावे, असा माझा मुळीच आग्रह नाही. अमेरिकी पत्रसृष्टीने स्वतःच्याच देशातल्या कृष्णवर्णीयांकडे दीर्घकाळ गोऱ्या माणसाच्या नजरेतून पाहिले, हे १९६८ मध्ये अध्यक्षांनीच नेमलेल्या कर्नर आयोगाने बजावले होते, आणि तो हिशेब अजून मिटलेला नाही. तिथले पत्रकारही वस्तुनिष्ठतेवर, तटस्थतेवर आज हमरीतुमरीने भांडतात. तुम्हीही भांडा. फक्त प्रकरण पुरते वाचून भांडा.

ज्यांना न्यायालयीन मजकुराचा कंटाळा असेल त्यांनी सुरुवात आयडा वेल्सपासून करावी. झेंगर आणि सलिव्हन नंतर वाचले तरी चालेल. ज्यांना पत्रकार व्हायचे नाही त्यांनीही यावे. मिसुरीतल्या त्या वर्गात वार्ताहर होणारे बसतात तसे पुढे फक्त वाचक राहणारेही बसतात, आणि परीक्षा दोघांची एकच असते.